शिक्षक धनपतराय : प्रेमचंदांच्या अध्यापकीय जीवनाची घडण

प्रेमचंदांचे चरित्र बहुधा कादंबरीकाराचे चरित्र म्हणून सांगितले जाते. त्यात शाळामास्तर धनपतराय येतात ते उदरनिर्वाहासाठी खात्याची नोकरी करणारे एक गृहस्थ म्हणून. नोकरी सुटते आणि मग खरे चरित्र सुरू होते, असा त्या मांडणीचा एकंदर सूर असतो. वस्तुतः १८९९ ते १९२३ या कालखंडाचा फार मोठा भाग त्यांनी शाळेत, शाळांच्या तपासणीत आणि शिक्षकांच्या अध्यापनात घालविला. छपन्न वर्षांच्या आयुष्यात हा वाटा लहान नव्हे. हिंदी आणि उर्दू या दोन्ही भाषांतील आधुनिक कथेचा पाया ज्यांनी घातला, ते शासनाच्या प्रशिक्षण महाविद्यालयातून रीतसर तयार झालेले शिक्षक होते. हे प्रशिक्षण त्यांना कसे मिळाले, त्याने त्यांना काय दिले आणि त्याच्या मर्यादा कोठे होत्या, हे पाहिल्यास त्यांच्या वाङ्मयातील काही गोष्टींचा उलगडा अधिक नीट होतो.

धनपतरायांचा जन्म ३१ जुलै १८८० रोजी काशीजवळील लमही या खेड्यात झाला. वडील अजायबलाल टपाल खात्यात कारकून होते. कुटुंब कायस्थाचे, म्हणजे लेखणीवर जगणारे. त्यामुळे मुलाचे पहिले शिक्षण परंपरेप्रमाणे मौलवीकडे, उर्दू-फारसीत झाले. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास आई गेली. वडिलांची बदली गोरखपूरला झाली तेव्हा मुलगा तेथील मिशन शाळेत शिकू लागला आणि शाळेबाहेर एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात बसून उर्दू कादंबऱ्या व तिलिस्माच्या अद्भुत कथा यांचा फडशा पाडू लागला. पंधराव्या वर्षी लग्न झाले. १८९७ साली वडील वारले. सावत्र आई, तिची मुले आणि पत्नी यांचा भार इंग्रजी शाळेच्या शेवटच्या वर्गात शिकणाऱ्या मुलावर आला.

धनपतरायांच्या शिक्षकी पेशाचा आरंभ याच काळात झाला, आणि तोही शिकत असताना. काशीच्या क्वीन्स कॉलेजच्या शाळेत त्यांना फी माफ होती. दुपारी शाळा सुटली की ते शहरातील बांसफाटक भागात एका मुलाला शिकवावयास जात, संध्याकाळी तेथून निघून पाच मैल चालत खेड्यातील घरी पोचत आणि रात्री कुप्पीच्या उजेडात स्वतःचा अभ्यास करीत. सकाळी पुन्हा तीच वाट. त्यांच्या अध्यापनाची पहिली उमेदवारी ही अशी होती : तेथे ना शास्त्र होते, ना मार्गदर्शक, विद्यार्थ्याने शिकले पाहिजे ही निकड मात्र होती, कारण त्यावरच महिन्याचा हिशेब अवलंबून होता.

१८९८ साली ते मॅट्रिकची परीक्षा दुसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण झाले. या दुसऱ्या श्रेणीने त्यांच्या पुढील वीस वर्षांची दिशा ठरविली. क्वीन्स कॉलेजात फीची सवलत केवळ पहिल्या श्रेणीत आलेल्यांनाच मिळत असे. त्याच वर्षी काशीत नवे हिंदू कॉलेज निघाले होते. तेथे त्यांनी शिफारस मिळवून प्रयत्न केला. प्रवेशापूर्वी चाचणी झाली. इंग्रजीत ती समाधानकारक ठरली, बीजगणितात मात्र त्यांचा निभाव लागला नाही, आणि दार बंद झाले. गणित हा त्यांच्या विद्यार्थिदशेतील दुर्लंघ्य पर्वत होता. इंटरमीजिएटच्या परीक्षेत ते याच विषयामुळे पुढे अपयशी होत राहिले, आणि गणित ऐच्छिक झाल्यावरच ती परीक्षा त्यांना ओलांडता आली. या अपयशाचे वर्णन त्यांनी १९३२ साली ‘हंस’ मासिकाच्या आत्मकथांकातील ‘जीवनसार’ या लेखात केले आहे. त्यात कोठेही आक्रोश नाही. गणिताची भीती बाळगणाऱ्या मुलाकडे प्रौढ शिक्षकाने पाहावे तशी ती दृष्टी आहे.

कॉलेजाचा मार्ग खुंटल्यावर एका वकिलाच्या मुलाला शिकविण्याचे काम मिळाले. वेतन महिना पाच रुपये. वकिलाच्या तबेल्यावरील एका लहानशा कच्च्या खोलीत ते राहू लागले. दोन-अडीच रुपयांत स्वतःचे भागवावयाचे आणि उरलेले घरी द्यावयाचे, असा बेत होता. १८९९ च्या आरंभी, हिवाळ्यात, हातात काहीच उरले नाही तेव्हा त्यांनी चक्रवर्तींच्या अंकगणिताची उत्तरपुस्तिका विकावयास काढली. दोन रुपयांना घेतलेले पुस्तक एका रुपयाला गेले. त्याच दुकानात बसलेल्या एका गृहस्थाने चौकशी केली. तो एका लहान शाळेचा मुख्याध्यापक होता आणि त्याला साहाय्यक शिक्षक हवा होता. अठरा रुपये पगारावर नोकरी ठरली. गणिताचे पुस्तक विकताना गणिताने अडविलेल्या तरुणाला शिक्षकाची जागा मिळाली, हा योग कथेत आला असता तर कृत्रिम वाटला असता. शाळा चुनार येथील मिशनची होती. तेथील मुक्काम थोडक्यातच संपला.

पुढची पायरी सरकारी नोकरीची. क्वीन्स कॉलेजच्या प्राचार्यांच्या शिफारशीने त्यांना जुलै १९०० मध्ये बहराइचच्या जिल्हा शाळेत पाचव्या मास्तराची जागा मिळाली. पगार वीस रुपये. सप्टेंबरमध्ये त्यांची बदली प्रतापगढला झाली. सरकारी शाळेतील शिक्षकांची ती उतरंड ध्यानात घेण्यासारखी आहे. पाचवा मास्तर हा पाचव्या क्रमांकाचा माणूस असे; त्याच्या वाट्याला खालचे वर्ग येत आणि वर चढण्यासाठी अनुभवापेक्षा प्रमाणपत्र अधिक उपयोगी पडे. मॅट्रिक झालेल्या व कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या शिक्षकाला दोनच मार्ग होते : विद्यापीठाची पदवी किंवा अध्यापनाची सनद. पहिला मार्ग गणिताने रोखला होता. धनपतरायांनी दुसरा धरला आणि १९०२ साली अलाहाबादच्या शासकीय प्रशिक्षण महाविद्यालयात प्रवेश घेतला.

हा निर्णय आज सामान्य वाटेल. त्या काळी तो तसा नव्हता. प्राथमिक शिक्षकांसाठी नॉर्मल स्कुले एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून निघत होती, परंतु माध्यमिक शिक्षकाला विषयज्ञानाखेरीज आणखी काही शिकावे लागते ही कल्पना हिंदुस्थानात उशिरा रुजली. हंटर आयोगाने १८८२-८३ साली अध्यापनाची तत्त्वे व व्यवहार यांची परीक्षा माध्यमिक शिक्षकांसाठी सुचविली. तरीही शतक उलटताना माध्यमिक शिक्षकांना तयार करणारी महाविद्यालये साऱ्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती : मद्रास, राजमहेंद्री, लाहोर, कर्सियांग, जबलपूर आणि अलाहाबाद. मुंबई इलाख्यात असे महाविद्यालय १९०६ साली निघाले. शिक्षकाने केवळ तत्त्वे पाठ करून भागत नाही, संलग्न शाळेत प्रत्यक्ष शिकविण्याचा सराव त्याने केला पाहिजे, हा आग्रह सरकारी धोरणात ठळकपणे मांडला गेला तो मार्च १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात. धनपतराय प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडले ते नेमके त्याच वर्षी. माध्यमिक शिक्षक हा व्यवसाय म्हणून आकार घेत होता, त्या घडीचे ते विद्यार्थी होते.

महाविद्यालयाचे प्राचार्य केम्प्स्टर यांचे धनपतरायांविषयी चांगले मत झाले. वर्तन, नियमितपणा आणि मन लावून केलेले काम यांची नोंद त्यांच्या प्रमाणपत्रात आहे. १९०४ साली ते इंग्रजी शिक्षकांची कनिष्ठ परीक्षा पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले. मॅट्रिकला न मिळालेली पहिली श्रेणी येथे मिळाली. मात्र त्याच प्रमाणपत्रावर आणखी एक शेरा होता : हा शिक्षक गणित शिकविण्यास पात्र नाही. एकाच कागदावर गुणगौरव आणि उणीव अशी शेजारी शेजारी नोंदविलेली आहे.

या शेऱ्याचा अर्थ दोन अंगांनी घेता येतो. प्रशिक्षणाच्या दृष्टीने तो प्रामाणिक होता. शिक्षकाची पात्रता विषयवार ठरावी आणि जे त्याला येत नाही ते त्याने शिकवू नये, हे तत्त्व योग्यच आहे. विद्यापीठाने गणितातील उणिवेसाठी सगळेच शिक्षण नाकारले. प्रशिक्षण महाविद्यालयाने ती उणीव नोंदली आणि बाकीच्या गुणांना वाव दिला. मूल्यमापनाच्या या दोन रीतींमधील अंतर धनपतरायांनी स्वतः भोगले होते. दुसऱ्या अंगाने पाहता, व्यवसायात पाऊल टाकतानाच त्यांच्या हाती आपल्या अपुरेपणाचा सरकारी दाखला आला होता. वर्गात मागे पडलेल्या मुलाकडे पाहताना असा शिक्षक स्वतःला त्याच्यापासून फार दूर समजू शकत नाही.

अलाहाबादच्या दोन वर्षांनी त्यांच्या भाषिक घडणीलाही वळण दिले. एप्रिल १९०० मध्ये वायव्य प्रांत व अवधच्या शासनाने न्यायालयीन व्यवहारात नागरी लिपीला मान्यता दिली होती, आणि हिंदी-उर्दूचा वाद शिगेला पोचला होता. उर्दू-फारसीत वाढलेल्या धनपतरायांनी १९०४ सालीच अलाहाबाद विद्यापीठाची देशी भाषांची विशेष परीक्षा उर्दू व हिंदी या दोन्ही भाषांत दिली. ते उर्दूतून हिंदीकडे वळले याचे कारण बहुधा पुढील दशकातील प्रकाशनव्यवहारात शोधले जाते, आणि ते चुकीचे नाही. हिंदी प्रकाशक व वाचक यांचे आकर्षण होतेच. परंतु दोन्ही लिप्यांत सारख्याच सहजतेने वावरण्याची रीतसर तयारी त्याआधी दहा वर्षे, शिक्षकी पात्रतेचा भाग म्हणून झाली होती, हे विसरता कामा नये. वादाच्या दोन्ही बाजूंची मुले ज्याच्या वर्गात बसतात, त्या शिक्षकाला दोन्ही भाषा आपल्या मानाव्याच लागतात.

लेखनाचा आरंभही याच वसतिगृहातील दिवसांचा. ‘असरार-ए-मआबिद’ ही त्यांची उर्दू कादंबरी काशीच्या ‘आवाज-ए-खल्क’ या साप्ताहिकातून ऑक्टोबर १९०३ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. देवस्थानांतील महंतांचा दंभ हा तिचा विषय. दिवसा पाठांचा सराव करणारा प्रशिक्षणार्थी रात्री कादंबरीचे प्रकरण लिहीत होता. या दोन कामांत विरोध नव्हता. पाठ आखताना ऐकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे हे धरून पुढे जावे लागते. परिचितापासून अपरिचिताकडे जाणे हा त्या काळच्या अध्यापनशास्त्राचा मूलमंत्रच होता. प्रेमचंदांची प्रौढ कथाही वाचकाला ओळखीच्या घरगुती परिस्थितीत बसविते, आणि नकळत, ज्या प्रश्नाकडे तो पाहू इच्छीत नाही त्या प्रश्नासमोर नेऊन सोडते. हा गुण त्यांनी केवळ प्रशिक्षणातून घेतला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रशिक्षणाने त्याला शिस्त लावली एवढे मात्र म्हणता येते.

१९०५ च्या आरंभी महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या मॉडेल स्कूलचे मुख्याध्यापकपद त्यांच्याकडे आले. नव्या प्रशिक्षणार्थींनी जेथे सराव करावयाचा, ती शाळा पंचविशीच्या आतील या शिक्षकावर सोपविली गेली. मे महिन्यात कानपूरच्या जिल्हा शाळेत बदली झाली. कानपूरची चार वर्षे त्यांच्या जीवनातील सर्वांत मोकळी होत. ‘जमाना’चे संपादक दयानारायण निगम यांचा स्नेह लाभला, नवाबराय या नावाने लेख, परीक्षणे आणि कथा येऊ लागल्या. पहिला विवाह मोडला होता. १९०६ साली त्यांनी शिवरानीदेवी या बालविधवेशी विवाह केला. १९०८ साली ‘सोजे वतन’ हा पाच कथांचा संग्रह निघाला.

जून १९०९ मध्ये त्यांना हमीरपूर जिल्ह्यात शाळांच्या उपतपासनीसाचे पद मिळाले. मुख्य ठाणे महोबा. वर्गातला शिक्षक आता घोड्यावरून व बैलगाडीतून बुंदेलखंडातील खेड्यापाड्यांच्या शाळा पाहत फिरू लागला. शिक्षकी पेशातील बढती म्हणजे वर्गापासून दूर जाणे, ही विसंगती त्यांच्याही वाट्याला आली. तथापि या भ्रमंतीने त्यांना ग्रामीण समाजाचे जे दर्शन घडविले ते लमहीच्या अनुभवापेक्षा व्यापक होते. याच पदावर असताना ‘सोजे वतन’चे प्रकरण उद्भवले. दौऱ्यावर असता जिल्हाधिकाऱ्याचे बोलावणे आले. रातोरात तीस-चाळीस मैल बैलगाडीने जाऊन ते हजर झाले. कथा राजद्रोहाच्या ठरविण्यात आल्या. शिल्लक सुमारे सातशे प्रती शासनाच्या स्वाधीन कराव्या लागल्या, आणि पुढे काहीही छापण्यापूर्वी दाखविण्याची अट पडली. निगमांच्या सूचनेने नवे नाव घेतले गेले, आणि डिसेंबर १९१० च्या ‘जमाना’त ‘बडे घर की बेटी’ ही कथा प्रेमचंद या नावाने आली. भारतीय साहित्यातील हे प्रख्यात नाव शिक्षणखात्यातील एका नोकराच्या अडचणीतून जन्माला आले.

शिक्षकी व्यवसायाची शिस्त आणि शासकीय नोकरीची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे प्रथम स्पष्ट झाले. पहिलीने त्यांना घडविले होते; दुसरी त्यांच्या लेखणीवर पहारा ठेवीत होती. प्रशिक्षण महाविद्यालय आणि जिल्हाधिकाऱ्याचे कार्यालय ही एकाच राज्यव्यवस्थेची दोन दालने होती. शिक्षकाने विचार करावयास शिकवावे, परंतु स्वतःचा विचार छापण्यापूर्वी परवानगी घ्यावी, या अंतर्विरोधात त्यांनी आणखी दहा वर्षे काढली.

१९१४ साली बस्तीला बदली झाली. तपासणीच्या फिरस्तीने पोटाचे दुखणे बळावले होते. शेवटी ते पद सोडून त्यांनी पुन्हा वर्गातील अध्यापन पत्करले. ऑगस्ट १९१६ मध्ये ते गोरखपूरच्या नॉर्मल स्कूलमध्ये आले आणि वसतिगृहाची देखरेखही त्यांच्याकडे आली. एकेकाळचा प्रशिक्षणार्थी आता खेड्यांतील भावी शिक्षकांना शिकवू लागला. विद्यार्थी म्हणूनही त्यांचा प्रवास थांबला नव्हता. १९१९ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी, फारसी व इतिहास हे विषय घेऊन ते बी. ए. झाले. अठराव्या वर्षी बंद झालेले दार उघडावयास वीस वर्षे लागली. त्याच सुमारास ‘सेवासदन’ प्रसिद्ध होऊन हिंदीतील अग्रगण्य कादंबरीकार म्हणून त्यांची कीर्ती झाली. तरी दिनक्रम नॉर्मल स्कूलच्या घंटेवरच चालत होता.

८ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींची गोरखपूर येथे प्रचंड सभा झाली. प्रेमचंद आजारातून नुकते उठले होते. पत्नी व मुलांसह ते सभेस गेले. काही दिवसांतच त्यांनी राजीनामा दिला. वीस वर्षांची नोकरी, निवृत्तिवेतनाचा हक्क आणि नियमित पगार यांवर पाणी सोडणे हा घरातील सर्वांच्या जिवाचा प्रश्न होता. शिवरानीदेवींनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्या निर्णयामागील घालमेल सांगितली आहे, आणि संमती देण्यातील त्यांचा स्वतःचा वाटा त्यातून दिसतो. यानंतरही प्रेमचंदांनी शिक्षकी पेशा लगेच सोडला नाही. कानपूरच्या मारवाडी विद्यालयात मुख्याध्यापक, पुढे काशी विद्यापीठाच्या शाळा-विभागात मुख्याध्यापक, अशी कामे त्यांनी केली. कानपुरात व्यवस्थापनाशी पटले नाही आणि वर्ष पुरे होण्यापूर्वीच ते बाहेर पडले. सरकारी चाकरी सुटली म्हणजे शिक्षक स्वतंत्र झाला असे नाही, हेही त्यांना त्यातून कळले असावे. १९२३ साली काशीत सरस्वती प्रेस सुरू झाल्यावर अध्यापन मागे पडले.

वाङ्मयात मात्र ते मागे पडले नाही. ‘कर्मभूमि’चा आरंभ फी वसूल करण्याच्या दिवसाने होतो, आणि फी न भरलेल्या मुलांवर शाळा कशी उलटते हे वाचताना दुसऱ्या श्रेणीतील मॅट्रिक विद्यार्थी आठवतो. ‘बडे भाई साहब’ या कथेतील थोरला भाऊ रात्रंदिवस घोकूनही नापास होतो आणि धाकट्यावर उपदेशाचा वर्षाव करतो. भूमितीपासून इंग्लंडच्या राजवंशावळीपर्यंतच्या अभ्यासक्रमावर त्याने ओढलेले ताशेरे विनोदी आहेत, परंतु कथेचा जिव्हाळा नापास झालेल्याकडेच आहे. ‘बोध’मध्ये तुटपुंज्या पगाराच्या शिक्षकाला शेजारच्या मिळकतदार नोकरांचा हेवा वाटतो, आणि आपल्या पेशाची प्रतिष्ठा त्याला घराबाहेर पडल्यावर उमगते. ‘प्रेरणा’मधील निवेदक शिक्षकाला एका व्रात्य मुलापुढे हात टेकावे लागतात, शाळेच्या साऱ्या उपायांना न जुमानलेला तो मुलगा एका लहान भावंडाची जबाबदारी अंगावर पडताच सुधारतो. शिक्षणाच्या सामर्थ्याइतकीच त्याची सीमाही ठाऊक असलेल्या माणसाने या कथा लिहिल्या आहेत. त्यांत आदर्श शिक्षकाचा पुतळा कोठेही उभा केलेला नाही.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे दोन नावे सहज आठवतील. केशवसुतांनी १८८९ साली, वयाची विशी उलटल्यावर, मॅट्रिकची परीक्षा ओलांडली. खानदेशात शिक्षकाची नोकरी करीत, फैजपूरला मुख्याध्यापक होऊन, पुढे धारवाडच्या सरकारी शाळेत गेल्यावर १९०५ साली हुबळी येथे त्यांचा अंत झाला. मुंबईचे प्रशिक्षण महाविद्यालय त्यानंतरच्या वर्षी निघाले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृह त्यांनीही सांभाळले, आणि सत्याग्रहाच्या हाकेसरशी नोकरी सोडली. केशवसुतांच्या बाबतीत शाळा ही कवितेची बहुतांशी प्रतिकूल पार्श्वभूमी राहिली. गुरुजींच्या बाबतीत शिक्षक आणि लेखक एकरूप झाले. प्रेमचंद या दोहोंच्या मध्ये उभे आहेत. त्यांनी पेशाला ना बंदिवास मानले, ना व्रताची झळाळी दिली. तो एक कष्टाने शिकावयाचा व्यवसाय मानला आणि त्याच निष्ठेने लेखनाकडेही पाहिले. कलावंताच्या लहरीपेक्षा रोजच्या ठरलेल्या कामावर त्यांचा विश्वास होता. ‘हंस’ आणि ‘जागरण’ तोट्यात चालवितानाही त्यांनी ही शिस्त मोडली नाही.

ऑक्टोबर १९३५ पासून ‘हंस’ हे सर्व भारतीय भाषांतील साहित्याचे मुखपत्र व्हावे असा प्रयत्न झाला. त्याच कार्यासाठी एप्रिल १९३६ मध्ये प्रेमचंद भारतीय साहित्य परिषदेच्या नागपूर अधिवेशनास उपस्थित होते. दोन लिप्यांच्या परीक्षेपासून सुरू झालेली वाट अशी अनेक भाषांच्या मेळाव्यापर्यंत आली होती. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी काशी येथे त्यांचे निधन झाले.

गणित शिकविण्यास अपात्र, या शेऱ्याचे महत्त्व आज चरित्रातील एका गमतीदार नोंदीपुरते उरले आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या शिक्षणव्यवस्थेने त्यांना एका विषयासाठी अडविले, तिच्याच एका शाखेने त्यांच्या बाकीच्या गुणांना मान्यता देऊन उभे केले, आणि तिच्याच दुसऱ्या शाखेने त्यांचे पुस्तक हिरावून घेतले. या तिन्ही अनुभवांची शिदोरी घेऊन ते लेखनाकडे वळले. शेतकरी, नापास विद्यार्थी, अल्पवेतनी मास्तर यांच्याकडे त्यांनी दयेने पाहिले नाही, बरोबरीच्या नात्याने पाहिले. त्याची मुळे शोधताना अलाहाबादच्या महाविद्यालयातील त्या दोन वर्षांकडे आणि त्या प्रमाणपत्राकडेही अभ्यासकाला परतावे लागेल.